मामांना ऐकू गेलं पाहिजे

रोहिणीअक्का गेल्याची बातमी मला फोनवर अगदी हळू आवाजात कळली, आणि अप्पांना मात्र ती मला ओरडून सांगावी लागली. तिला ताप आला होता, इथंच हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, एक-दोन दिवसांत घरी सोडतील असं भाऊजी म्हणत होते. सकाळी त्यांचाच फोन आला. मी अप्पांच्या खाटेजवळ जाऊन बसले. माझे वडील जन्मभर काचीगुड्यातल्या एका लहान छापखान्यात मशीनवर उभे राहिले, आणि त्या मशीननं त्यांचे कान नेले. मी सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय? मोठ्यानं." मी पुन्हा सांगितलं. त्याच वेळी घराजवळच्या स्टेशनात गाडी शिरत होती. "मोठ्यानं बोल ना गं." मग मी ओरडले, "अप्पा, अक्का गेली!" समोरच्या घरातल्या बाईनं खिडकी उघडून पाहिलं. अप्पांचा हात कानामागे तसाच राहिला... मग ते म्हणाले, "नाही पोचलं."

पोचलं होतं. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. या माणसानं आयुष्यात कधी मालकाशी, पोलिसाशी किंवा माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. ते त्या सकाळी खोटं बोलले, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते इथे लिहायलाच हवं, कारण गोडगोड स्मृतिलेख वाचून माझं डोकं उठतं. मला वाटलं, माझी बातमी कुणी यांना सांगितली असती, तर हे असं खोटं बोलले असते का?

अक्का माझी आतेबहीण. माझ्यापेक्षा थोडी मोठी, उंच, बोलायला फटकळ, नव्या चपलांची भयंकर हौस. तिचं घर कुकटपल्लीला, शाळा इंग्रजी. मी मित्रा, जामबागच्या मराठी शाळेतली. दोघींची मुळं मराठवाड्यातल्या एकाच बौद्धवाड्यात, पण मराठी वाचायला घेतलं की अक्का अक्षरांवरून असं बोट फिरवायची जणू गव्हातले खडे निवडतेय. मी मात्र वाचायला शिकले तीच पत्रकांवर. अप्पा दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचे, आणि मालकाच्या परवानगीनं उरलेल्या कागदावर स्वतः लिहिलेली पत्रकं. कंत्राटी कामगारांची, घरकाम करणाऱ्या बायकांची, जयंतीची, सभेची. मी ती घडी घालायची. घडी घालता घालता वाचायची. बाकीच्या मुलांच्या पुस्तकात फळांची नावं होती तेव्हा मला ‘पिळवणूक’ हा शब्द जोडाक्षराशिवाय लिहिता येतो म्हणून सोपा वाटायचा. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. आजही लिहिते. तेव्हा अप्पांचा वारसा कुणाचा, हा प्रश्नच माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला प्रशांत पेढे घेऊन आला त्या रविवारी.

प्रशांत आमच्या गल्लीतला, परभणीकडच्या घरातला पोरगा. त्याला नोकरी लागली होती. अक्का तेव्हा एका औषधांच्या कंपनीत पगारपत्रकं करायची आणि त्या दिवशी मामाला भेटायला म्हणून आली होती. तिनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "किती?"

"काय किती?"

"पगार रे बावा. पेढ्याचा भाव विचारते का मी?"

प्रशांत लाजला. "ते बोल्ले, कितना होना? मी बोल्लो, आप जो मुनासिब समझें."

"मुनासिब!" अक्काला ठसका लागला. "सोयरीक करायला गेला होतास का रे? मग काय मुनासिब समजलं त्यांनी?"

"तेरा हजार."

"आणि तुझ्या बाजूच्या टेबलावर बसतो त्याला?"

"ते कसं विचारणार अक्का? पगार कुणी विचारतं का!"

ही चूक आमच्या लोकांनीच करावी. हैदराबादेत राहून आम्ही अदब शिकलो, आणि गावाहून येताना देणाऱ्याचा हात बघायची सवय सोबत आणली. दोन्ही एकत्र आल्यावर जे तयार झालं त्याला आम्ही सभ्यपणा म्हणायला लागलो. पिढ्यानपिढ्या आमच्या कामाची किंमत दुसऱ्यानं ठरवली, आणि आता आमची शिकलेली पोरं वातानुकूलित खोलीत बसून तीच मुभा समोरच्याला आपणहून देत होती. हे मी म्हणायला हवं होतं. हे माझं वाक्य होतं! पण मी वाक्य जुळवेपर्यंत अक्का उठली, खिडकीजवळ उभी राहिली आणि तिनं स्वतःचा पगार सांगितला. आकडा, आणि हातात किती येतो तेही. पगार म्हणजे अंगावरचा डाग असावा तसा लपवणारी माणसं आम्ही. तेवढ्यात खाटेवरून अप्पा म्हणाले, "काय? मोठ्यानं." अक्का हसली आणि तिनं तो पुन्हा, असा सांगितला की गल्लीतल्या रिक्षावाल्यानं मान वळवली. अप्पा म्हणाले, "पोचलं." छापखान्यात कागदाचे गठ्ठे आले की ते हाच शब्द म्हणायचे.

तिथून रविवार सुरू झाले. आधी प्रशांतचे दोन मित्र आले, मग त्यांच्या बहिणी, मग नांदेडहून, निजामाबादहून नुकती आलेली पोरं. आमच्या बाहेरच्या खोलीत जागा पुरेना. अप्पांच्या खाटेला लागून एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर अक्का, बाकीचे खाली सतरंजीवर. रीत ठरलेली. आधी अक्का स्वतःचा पगार सांगणार. मग ज्याला नोकरी लागली असेल तो उठून आपला सांगणार, म्हणजे पुढच्याला काय मागायचं ते कळेल. आणि ज्याची मुलाखत असेल त्याची तालीम. तालमीची कसोटी एकच होती... मामांना ऐकू गेलं पाहिजे.

ज्योती नावाची एक मुलगी होती, हिशेबाचं काम शिकलेली, आवाज इतका बारीक की माझ्यासारख्या चांगल्या कानांच्या बाईलाही पुढे वाकावं लागे. अक्का साहेब व्हायची, पायावर पाय टाकायची आणि हैदराबादी हिंदीत विचारायची, "बोलो अम्मा, एक्स्पेक्टेशन क्या है?"

"अठ्ठावीस..."

"काय?" अप्पा.

"अठ्ठावीस हजार सर, पण थोडं कमी झालं तरी..."

"अगं पण कशाला? पण कुणी मागितला तुला?" अक्का कपाळावर हात मारायची. "आकडा बोल आणि गप्प बस. पंखा बघ, भिंत बघ, माझ्या चपला बघ. पुढचं त्याला बोलू दे. जो आधी बोलतो तो खाली येतो, समजलं?"

ज्योती पुन्हा सांगायची, पुन्हा शेवटचं अक्षर गिळायची. अप्पा प्रामाणिकपणे मान हलवायचे, "नाही पोचलं गं पोरी." एकदा तिला रडू फुटलं. अक्कानं तिला पाणी दिलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. ती एवढंच म्हणाली, "रडून घे. पण रडताना पण आकडा तोच ठेव." ज्या रविवारी अप्पांनी कानामागे हात न नेता "पोचलं" म्हटलं, त्या रविवारी त्या पोरीनं खोलीभर असं बघितलं की मला तिचा हेवा वाटला. माझे वडील, आणि त्यांच्या एका शब्दासाठी ही परकी मुलगी जीव टाकत होती, आणि तो तिला मिळत होता. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण त्यांना मामा म्हणायचा. अर्ध्या शहराला मामा मिळाला. अप्पा म्हणणारी मी एकटी, मी आतून चहाचे कप आणत होते.

अक्काचं सांगणं सोपं असायचं आणि मला ते चिडचिड व्हावी इतकं पाठ आहे. वर्षाचा आकडा ऐकून नाचायचं नाही. त्याला बारानं भागायचं, पीएफ काढायचा, टॅक्स काढायचा, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस तर नाहीच असं समजायचं, आणि जे उरेल त्यावर घरभाडं ठरवायचं. आधीचा पगार विचारला तर पुढे जो हवा आहे तो सांगायचा, म्हणजे खोटं नव्हे, "मला या कामाचे इतके अपेक्षित आहेत" असं म्हणायचं. नव्या नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय जुनीचा राजीनामा नाही. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा कधी नोकरी देत नसतो. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या कपाटात ठेवायची नाहीत, तो कितीही देवमाणूस असला तरी. नोकरी बदलली की पीएफ काढून मोबाइल घेणाऱ्याला ती नावानिशी शिव्या द्यायची. "पहिल्या पगारात आईला साडी घे, हौ, घे की. पण ज्या चिट्टीवाल्याचं ऑफिस त्याच्या स्कूटरच्या डिक्कीत आहे त्याच्याकडे चिट्टी-भिशी लावू नको." दोस्ताला जामीन राहायचं असेल तर ते कर्ज आपलंच आहे असं धरून राहायचं, नाहीतर तोंडावर नाही म्हणायचं. आणि कुणी कितीही मोठा आकडा सांगितला, तरी सगळ्यांचं अभिनंदन झाल्यावर ती शेवटी म्हणायची, "कमी आहे." लाखाच्या घरात पगार गेलेल्या एका पोरालाही तिनं हेच ऐकवलं. तो म्हणाला, "अक्का, आता तर खुश हो!" ती म्हणाली, "मी खुश आहे रे. तुझा मालक जास्त खुश आहे."

या सगळ्यात माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो कागदावरून. पगाराची फोड करून दाखवायला तिला कागद लागे. एका रविवारी तिनं अप्पांच्या उशाखालचा पत्रकांचा गठ्ठा ओढला, वरचं पत्रक पालथं घातलं आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आकडे मांडायला सुरुवात केली. मी दारातून ओरडले, "अक्का, ती पत्रकं आहेत!" ती म्हणाली, "एक साइड रिकामीच आहे ना गं." मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी गठ्ठा तिच्याकडे सरकवला. नंतर त्यात माझी पत्रकंही आली. किमान वेतनावर मी जीव ओतून लिहिलेलं पत्रक, आणि त्याच्या पाठीवर कुणाचा तरी घरभाडे भत्ता! वर अप्पा खूश. इतकी वर्षं नाक्यावर उभं राहून वाटलेली पत्रकं लोक पुढच्या वळणावर टाकून देत, आणि आता पोरं ती नीट घडी करून पाकिटात घालून नेत होती. "कधीतरी उलटून बघतील की," अप्पा म्हणाले. घरी कुणी नवा माणूस आला की ते ओळख करून द्यायचे: "ही आमची भाची. आपण जे छापत आलो ते हिनं करून दाखवलं." मग माझ्याकडे हात करून, "आणि ही मुलगी. लिहिते."

लिहिते. बस.

एकदा आमचं वाजलं. पोरं गेली होती, अक्का दारात चपला घालत होती. मी म्हटलं, "तू बाजारात भाव कसा करायचा ते शिकवतेस. बाजार मोडायचा कसा ते कधी शिकवणार?"

"तू मोड की. मी कुठं नको म्हणते? पण तो मोडेपर्यंत ज्योतीचं भाडं कोण भरणार?"

"एकेकट्यानं पगार वाढवून घेतला म्हणजे न्याय होत नाही अक्का."

"एकेकटा कुठाय? सगळ्यांसमोर सांगतात ना. एकाचा दुसऱ्याला कळला की मालकाची झोप उडते, हे तुझ्याच कागदावर वाचलं मी. अख्खी संध्याकाळ गेली वाचायला." मग तिनं चपलेचा पट्टा ओढला आणि वर न बघता विचारलं, "तुझा किती गं मित्रा?"

मी एका संस्थेसाठी कामगार हक्कांच्या पुस्तिका मराठीत आणते. तिथे पगार नसतो, मानधन असतं. मी म्हटलं, "मी पैशासाठी लिहीत नाही."

"ते त्यांना पण माहीत आहे," अक्का म्हणाली. "म्हणून तर."

ती गेली. मी उंबऱ्यातून ओरडून काहीतरी तत्त्वाचं बोलले, ते गाडीच्या आवाजात बुडालं. त्यानंतर तिनं तो प्रश्न मला कधी विचारला नाही, आणि रविवारी सगळ्यांचे आकडे चालू असताना मी चहा घेऊन आले की ती थोडी थांबायची, तेवढंच... मी कप ठेवायची आणि आत जायची.

अक्काच्या पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. मी भाषण लिहून नेलं होतं. चांगलं होतं ते भाषण. त्यात मुनासिबपणाचा समाचार होता, पगार लपवायला लावणाऱ्या कंपन्यांवर घणाघात होता. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग ज्योती उठली. माइककडे गेलीच नाही. जागेवरूनच, पहिल्या रांगेत बसलेल्या अप्पांकडे तोंड करून तिनं फक्त एक आकडा सांगितला. अठ्ठावीस कधीच मागे पडले होते. "हातात," ती म्हणाली, आणि गप्प उभी राहिली. मग प्रशांत उठला, त्याचा आकडा. मग मागून कुणी, मग बाहेरून कुणी. भंतेजी आधी गोंधळले, मग त्यांनी डोळे मिटून घेतले. आकड्यांमागून आकडे येत होते आणि हॉल रडत होता. अप्पांनी कान पुढे केला होता, पण "पोचलं" त्यांनी एकदाही म्हटलं नाही. माझ्या हातात माझं भाषण होतं, चार पानांचं, आणि एका मुलीनं एका आकड्यात ते पुसून टाकलं होतं. तिथेही अक्काच जिंकली. मेल्यावरही!

त्यानंतरच्या रविवारी मी दार लावून घेणार होते. पण पोरं आली. कुणी बोलावलं नव्हतं. सतरंजी त्यांनीच अंथरली, खुर्ची अप्पांच्या खाटेला लावली आणि तिच्याभोवती बसली. खुर्ची रिकामी. एका नव्या मुलाची दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, तो हातातली फाइल उघडत होता, मिटत होता. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या आठवड्यात ते फारसे उठलेच नव्हते. शेवटी ज्योती म्हणाली, "कुणीतरी बसायला पाहिजे ना. प्रशांत, तू बस." प्रशांत म्हणाला, "मी नक्को रे बाबा. तू बस." ज्योती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली, आणि मी ट्रे तसाच खाली ठेवून पुढे झाले आणि बसले.

मोठ्या मनानं बसले असं कुणी समजू नये. अप्पांच्या कानाशी दुसरं कुणी बसणार, हे मला पुन्हा बघवलं नसतं.

"मित्रादीदी," प्रशांत चाचरत म्हणाला, "अक्का आधी स्वतःचा सांगायची."

मला ठाऊक होतं. चहाचे कप आणताना इतके आकडे ऐकले होते मी. माझा सोडून सगळे. मी म्हटलं, "नऊ हजार."

अप्पांची पाठ हलली. ते सावकाश या कुशीवर वळले. हात कानामागे गेला. "काय?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. की हे मानधन आहे, की काम तत्त्वाचं आहे, की संस्थेलाही अडचणी असतात, की मी मागितलेच नाहीत. ‘पण’ अगदी दातांपर्यंत आला. मी पंख्याकडे बघितलं. मग, समोरच्या बाईनं पुन्हा खिडकी उघडली तर उघडू दे म्हणून, ओरडले, "नऊ हजार! महिन्याला! हातात!" आणि गप्प बसले.

अप्पांनी हात खाली घेतला. "पोचलं," ते म्हणाले.

या शब्दासाठी मी या खोलीतल्या सगळ्या परक्या पोरांवर जळत आले होते. तो आला, तर मला धड आनंद होण्याआधीच अप्पा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "कमी आहे."

सतरंजीवरून आधी एक हसला, मग सगळे. ज्योतीनं ओढणी तोंडात कोंबली होती. आवाज अप्पांचा होता, पण बोलली अक्काच. मी समोर बसले असतानाही तीच. अप्पांनी उशाखाली हात घातला आणि गठ्ठ्यातलं वरचं पत्रक काढलं. ते माझं होतं, किमान वेतनाचं. त्यांनी ते वाचल्यासारखं जरा वेळ धरलं, मग पालथं घातलं, कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवली आणि माझ्यापुढे सरकवलं.

"मांड," ते म्हणाले. "किती मागायचे ते."